तमाम लोकांस कळविण्यात येते की...

रविवारचे वर्तमानपत्र आपण कसे वाचतो? आधी पहिले पान, मग खेळाचे, मग चहाचा दुसरा कप घेऊन पुरवणी. मधल्या एका पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले काही चौकोन असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वर ठळक अक्षरांत 'जाहीर नोटीस' आणि खाली एकच लांबलचक वाक्य. 'तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील खाली वर्णन केलेली मिळकत...' असे सुरू झालेले हे वाक्य पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा अशी चतुःसीमा ओलांडत पुढे जाते आणि शेवटी बजावते, की मुदतीत कोणाची हरकत आली नाही तर या मिळकतीवर कोणाचाही हक्क नाही, आणि असल्यास तो त्यांनी सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.

यातला शेवटचा तुकडा नीट ऐकण्यासारखा आहे. 'असल्यास तो सोडून दिला आहे.' म्हणजे तुम्ही गप्प राहिलात, तर तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ दुसरा कोणीतरी लावणार. एरवी घरादाराच्या व्यवहारात आपण सही मागतो, अंगठा मागतो, साक्षीदार मागतो. इथे मात्र न बोलणे हाच पुरावा होऊ पाहतो. मौनाला एवढे वजन कधी आणि कसे आले, हे पाहायचे तर या छोट्या चौकोनाचा इतिहास पाहावा लागतो.

छापखाना नव्हता तेव्हाही माणसे मरत होती आणि मागे जमीन, घर, वतन, कर्ज ठेवून जात होती. वारसाचा तंटा उभा राहिला, की मराठेशाहीत गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांतली जाणती माणसे जमत. दोन्ही बाजूंचे ऐकून निवाडा होई आणि त्याचा कागद तयार होई. त्या कागदाला 'महजर' म्हणत. खाली हजर असलेल्यांची नावे आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, ज्याचे त्याचे हत्यार. महजर हा शब्द मूळ अरबीतला, आणि 'हजर' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून आलेला. ज्या निवाड्याला माणसे हजर होती, तो निवाडा पक्का.

इथे मौनाला अर्थ होता, कारण गाव समोर बसलेले होते. दवंडी पिटलेली होती, चावडीवर बोलणे झाले होते, आणि तरीही एखादा भाऊबंद उठून बोलला नाही, तर त्याला मान्य आहे असे समजायला आधार होता. ही व्यवस्था सर्वांना सारखी होती असे नव्हे. चावडीवर कोणी बसायचे, कोणी लांब उभे राहायचे, हे जातीने ठरत होते आणि बायकांचा आवाज तिथवर क्वचितच पोहोचत होता. पण जो हजर होता त्याला काय चालले आहे ते कळत होते, एवढे खरे.

आजची नोटीस या महजरातून सरळ उतरलेली नाही. तिचे दुसरे कूळ लंडनचे आहे. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. राजा दुसरा चार्ल्स दरबारासह ऑक्सफर्डला जाऊन राहिला. लंडनहून येणाऱ्या कागदाला हात लावायलाही दरबारी मंडळी भीत होती. तेव्हा नोव्हेंबर १६६५ मध्ये तिथेच 'ऑक्सफर्ड गॅझेट' छापायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी राजा परतला आणि पत्राचे नाव 'लंडन गॅझेट' झाले. इंग्लंड सरकारचे हे अधिकृत पत्र आजही निघते. त्यात लढायांच्या बातम्या, नेमणुका, दिवाळखोरांची नावे येत गेली, आणि हळूहळू मृतांच्या मिळकतींबद्दलच्या सूचनाही.

मृताची सूचना सरकारी पत्रात कशासाठी? त्यामागे एका माणसाची अडचण आहे. मृत्युपत्रात ज्याच्यावर सगळे सोपवलेले असते तो, म्हणजे एक्झिक्युटर. मृताचे देणे फेडायचे आणि उरलेले वारसांना वाटायचे, हे त्याचे काम. आता समजा, त्याने सगळे वाटून टाकले आणि सहा महिन्यांनी एक सावकार दारात उभा राहिला, 'तुमच्या मित्राकडे माझे पाचशे पौंड होते.' इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे हे पैसे एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशातून जाण्याची वेळ येऊ शकत असे. म्हणून सावध माणसे मिळकतीची व्यवस्था लावण्यासाठी आपण होऊन चॅन्सरी न्यायालयात जात. न्यायालय गॅझेटमध्ये सूचना देई, की अमुक मयताचे जे धनको असतील त्यांनी अमुक तारखेपर्यंत येऊन आपले येणे सिद्ध करावे, न आल्यास त्यांना या हुकमाचा लाभ मिळणार नाही. पण चॅन्सरीत पाऊल टाकणे म्हणजे आयुष्य घालवणे. विल्यम जेनेन्स नावाचा अतिश्रीमंत गृहस्थ १७९८ साली मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या संपत्तीचे दावे पुढे शंभरावर वर्षे रेंगाळले आणि संपत्तीतला मोठा वाटा खर्चातच गेला.

यावर १८५९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तोडगा काढला. न्यायालय ज्या सूचना देते तशाच सूचना एक्झिक्युटरने स्वतः द्याव्यात, मुदत संपेपर्यंत थांबावे, कळलेली देणी ध्यानात घ्यावीत आणि मग निर्धास्तपणे वाटप करावे. न कळलेल्या देण्यासाठी त्याला जबाबदार धरले जाणार नाही. १९२५ च्या ट्रस्टी कायद्याने तिथे ही मुदत किमान दोन महिन्यांची ठेवली. जाहिरातीच्या काही ओळींनी एका भल्या माणसाची झोप परत मिळवून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र त्याच कायद्यात एक दुसरी बाजू जपलेली होती आणि ती सहसा सांगितली जात नाही. सूचनेने सुटका होते ती एक्झिक्युटरची. ज्याचे खरोखर येणे आहे तो धनको, मिळकत ज्या वारसाच्या हाती गेली त्याच्यामागे जाऊ शकतो. थोडक्यात, नोटिशीने मधल्या माणसाला संरक्षण मिळते. हक्क तिने मरत नाही.

आता आपण मुंबईकडे येऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे इंग्रजी वर्तमानपत्रे निघू लागली. कंपनीचे अधिकारी तापाने, पटकीने मरत, आणि नातेवाईक समुद्रापलीकडे काही महिन्यांच्या अंतरावर. मागे घोडे, सामानसुमान आणि कर्जे. अशा मयतांची देणी-घेणी कळवण्याच्या सूचना आणि त्यांच्या सामानाच्या लिलावाच्या जाहिराती त्या काळच्या इंग्रजी पत्रांत दिसतात. कलकत्त्यात १७८४ मध्ये 'कलकत्ता गॅझेट' सुरू झाले, पुढे मुंबई सरकारचेही गॅझेट आले. नाव बदलायचे तर 'गॅझेट करून आणा' असे आपण ज्याबद्दल म्हणतो ते महाराष्ट्र शासनाचे राजपत्र त्याच वंशातले.

पण इथल्या सामान्य माणसासाठी महत्त्वाचा कागद वेगळाच आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुढच्या वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून जारी झाले. त्यातले आठवे रेग्युलेशन वारसांना रीतसर मान्यता देण्याबद्दल होते. वारसाने न्यायालयात अर्ज करावा, न्यायालयाने जाहीरनामा काढावा, ज्यांना हरकत असेल त्यांनी एका महिन्यात यावे, आणि पुरेशी हरकत नसल्यास पुरावा घेऊन दाखला द्यावा. आश्चर्य म्हणजे हा कायदा आजही जिवंत आहे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात 'मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ प्रमाणे वारस दाखला मिळणेबाबत' अशी नोटीस दिसली, तर समजावे की पेशवाई संपून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा नियम आपल्यासमोर काम करतो आहे. आणि या दाखल्याचा अर्थही मर्यादित आहे. मिळकतीची वहिवाट तूर्त कायदेशीरपणे कोणाकडे आहे, एवढेच तो सांगतो. मालकी तो देत नाही.

लंडनचे १८५९ चे तत्त्वही लवकरच इकडे आले. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यात ते होते आणि १९२५ च्या कायद्याच्या ३६० व्या कलमात ते आजही आहे. धनकोला मिळकतीचा माग काढता येतो, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. आपल्याकडे एक्झिक्युटर होणे किती जोखमीचे असू शकते याचे उदाहरण लोकमान्य टिळकांच्या चरित्रात सापडते. स्नेही बाबामहाराजांच्या मृत्युपत्राची जबाबदारी १८९७ मध्ये त्यांनी स्वीकारली आणि त्यातून निघालेले ताईमहाराज प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये मिटले. अठरा वर्षे!

जाहीर नोटिशीची भाषा हा एक वेगळाच ऐवज आहे. 'तमाम', 'मयत', 'वारस', 'हरकत', 'मुदत' हे अरबी-फारसीतून आलेले. 'स्थावर', 'जंगम', 'चतुःसीमा' हे संस्कृतातले. 'मिळकत' आपले घरचे आणि 'नोटीस' इंग्रजांचे. एका वाक्यात तीन राजवटी नांदतात. आणि 'जाहीर' म्हणजे मूळ अर्थाने उघड, दिसणारे. महजरात माणसे हजर असत, नोटिशीत मजकूर जाहीर असतो. हजर आणि जाहीर या दोन शब्दांमधले अंतर हीच खरी या विषयाची मेख आहे. समोर बसून गप्प राहणारा आणि नोटीस कधी पाहिलीच नाही म्हणून गप्प असणारा, या दोघांचे मौन एकसारखे कसे मानायचे?

कायद्यालाही हे अंतर ठाऊक आहे. म्हणून १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम मिळकतीजवळ 'ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीने' जाहीर करावा, असे आजही लिहिलेले आहे. म्हणजे आपली दवंडीच. न्यायालयाने वर्तमानपत्रातून समन्स द्यायचे ठरवले, तर प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता किंवा कामधंदा करत होता त्या भागात खपणारे दैनिक निवडावे, ही तरतूद १९७६ मध्ये जोडली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे तलाठ्याने फेरफाराची प्रत चावडीवर लावायची असते आणि संबंधितांना लेखी कळवायचेही असते. गृहनिर्माण संस्थेतला सभासद नामनिर्देशन न करता वारला, तर आदर्श उपविधींनुसार संस्थेने सूचनाफलकाबरोबर किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस द्यायची असते.

खरेदीपूर्वी वकिलामार्फत दिल्या जाणाऱ्या खासगी नोटिशीवर मात्र असे बंधन नाही. तिची मुदत कधी सात दिवस, कधी चौदा. ज्या पत्राच्या मोजक्याच प्रती निघतात त्यात ती छापून कात्रण फायलीला लावण्याची चलाखीही होते. अशा नोटिशीने कोणाचा खरा हक्क आपोआप बुडत नाही. पण घेणारा 'मी पुरती चौकशी केली होती' असे पुढे सांगू शकतो, आणि न बोललेल्याला न्यायालयाची पायरी चढून वर्षानुवर्षे झगडावे लागते.

हा न बोललेला माणूस बहुधा कोण असतो? लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली बहीण. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. देशभरचा कायदा २००५ मध्ये बदलला आणि विवाहितेलाही समान हक्क मिळाला. हा हक्क जन्मानेच आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा इतका पुढे आला. नोटीस मात्र भावाच्या गावात खपणाऱ्या पत्रात छापली जाते आणि बहीण राहते दोनशे किलोमीटरवर. कधी हक्कसोडपत्रावर तिची सही होते, कधी तिला विचारलेच जात नाही. जो मुंबईच्या गिरणीत आला, जो आखातात गेला, ज्याला वाचता येत नाही, त्या सगळ्यांची गोष्ट हीच.

नोटिशी बंद कराव्यात, असा याचा अर्थ नाही. कुठेतरी थांबले पाहिजे, नाहीतर जेनेन्सच्या संपत्तीसारखे प्रत्येक घर दाव्यातच झिजून जाईल. मयताची व्यवस्था लावणाऱ्याला मोकळे व्हायचे असते आणि घेणाऱ्याला निर्धास्त. फक्त, ज्याला उद्देशून नोटीस आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे. महसूल विभागाने अलीकडे फेरफाराच्या नोटिसा संगणकावर पाहण्याची सोय केली, तिला नावही दिले 'आपली चावडी'. पुण्यात बसून कोकणातल्या गावची नोटीस आता मोबाईलवर दिसते. ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे गेले पाहिजे, पाहिले पाहिजे.

तेव्हा आज पुरवणी वाचून झाली, की ते मुंगीएवढ्या अक्षरांचे पान एकदा उघडा. आपल्या गावाचे नाव, ओळखीचा गट नंबर, एखादे आडनाव दिसते का ते बघा. दिसले, तर त्या घरातली जी लेक लांब दिली आहे तिला एक फोन करा. हरकत घ्यायची की नाही, ते तिचे तिने ठरवावे. मुदत चालू आहे, एवढे तिला कळू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)