रीळ कोणत्या हाताने फिरवावे?

गळाच्या काठीवरचे रीळ चिनी चित्रकार मा युआन याच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रातही दिसते. अमेरिकेत केंटकीच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या सुमारास दातेरी चाकांचे जलद रीळ घडविले. त्या वंशातल्या रिळांची मूठ पिढ्यानपिढ्या उजवीकडेच! उजव्या हाताने गळ फेकायचा, झटकन काठी डाव्या हातात घ्यायची, मग उजव्याने दोरी गुंडाळायची. तेवढ्यात मासा निसटला तर? गंमत अशी, की हे रीळ सोयीचे पडे ते डावखुऱ्यालाच. ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. त्या जातीच्या आजच्या बहुतेक रिळांची मूठ हव्या त्या बाजूला बसते. माझ्या मते खरे कसब काठी पेलण्यात, ते सरावाच्या हाताकडेच असावे. समुद्रातल्या बड्या माशाची गोष्ट निराळी. तिथे काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवून तासन्तास झुंजायचे. जोर मुठीवरच हवा.