सालेमच्या कोर्टात: एक प्रस्तावना

आर्थर मिलर यांचे ‘द क्रुसिबल’ 22 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्यावर इतके लिहिले गेले आहे की अभ्यासाला नव्याने बसणारा तो ढीग पाहूनच बिचकतो. बिचकू नये. आत शिरायला एक साधा प्रश्न पुरतो: या नाटकात परीक्षा कोणाची होते, आणि ती घेतो कोण?

आधी कायद्याचा पेच समजून घ्यावा, कारण सगळे नाट्य त्यातून निघते. 1692 साली मॅसॅच्युसेट्समधील सालेम आणि आसपासच्या गावांत चेटकाच्या आरोपावरून दीडशेहून अधिक माणसे धरली गेली. अमकीचे अदृश्य रूप येऊन आपल्याला चिमटे काढते, असे गावातल्या काही मुली सांगत. ते रूप इतरांना दिसत नसे, तरी साक्ष ग्राह्य ठरे. आरोपी त्या वेळी घरात झोपली होती असे चार शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितले तरी व्यर्थ. आरोप तिच्या देहावर नव्हताच मुळी. चेटूक कबूल करून त्या कबुलीवर टिकून राहणारा फाशीतून सुटे. निर्दोष असल्याचे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी 19 जण फासावर गेले. ऐंशीच्या घरातला शेतकरी जाइल्स कोरी खटला चालवून घ्यायलाच तयार झाला नाही, म्हणून त्याला अंगावर दगड रचून मारले.

अशा कोर्टापुढे पात्रांच्या चांगल्या-वाईट अशा दोन रांगा लावून भागत नाही. तिसऱ्या अंकातली एलिझाबेथ प्रॉक्टर पाहा. तिचा नवरा जॉन याने आरोप करणाऱ्या मुलींमधल्या अबिगेलशी व्यभिचार केल्याची कबुली भर कोर्टात दिली आहे. आपली बायको कधी खोटे बोलत नाही, अशी ग्वाहीही दिली आहे. न्यायाधीश डॅनफर्थ तिला बोलावतो. जॉन आणि अबिगेल यांना पाठ करून उभे केले जाते, म्हणजे चेहऱ्यावरून तिला काही कळू नये. नवरा व्यभिचारी आहे का, या प्रश्नावर ती चाचरते, विषय टाळू पाहते, आणि अखेर ‘नाही’ म्हणते. आयुष्यातले हे एकच खोटे, तेही नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी, आणि तेच त्याला बुडवते. तेंडुलकरांच्या नाटकातला बेणारेबाईंचा खटला पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला कोर्टाने खाजगी आयुष्य उकरण्याची ही तऱ्हा ओळखीची वाटेल. मात्र तेंडुलकरांचे कोर्ट लुटुपुटुचे आहे आणि हे खरे. हा फरक हलका नाही.

माझ्या मते सर्वांत कडक परीक्षा प्रॉक्टरची नसून पाद्री हेल यांची आहे. पोथ्यांचा भारा घेऊन सैतान शोधायला आलेला हा विद्वान शेवटी तुरुंगात फिरून निरपराध माणसांना विनवतो, की खोटे बोला आणि जगा. प्रॉक्टरला निदान सही केलेला खोट्या कबुलीचा कागद फाडता येतो. हेल यांनी मृत्युदंडाच्या आदेशांवर केलेल्या सह्या मागे घेता येत नाहीत.

नाटकाची एक बाजू लंगडी आहे, तीही सांगून ठेवतो. इतिहासातली अबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा. मिलरनी तिला सतरा वर्षांची केले, त्याला तिशीत आणले आणि दोघांत संबंध घातले. त्यामुळे प्रॉक्टरच्या अपराधभावाला आधार मिळाला; पण गावच्या जमिनीच्या भांडणांचा, धर्मसत्तेचा बराचसा भार एका मुलीच्या वासनेवर गेला. तिच्यापुढे निवडीचा खरा क्षण नाटककार कधी येऊच देत नाही. नव्या अभ्यासकाला इथे भरपूर काम आहे.

अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकश्यांचा संदर्भ प्रत्येक पुस्तकात भेटेल, म्हणून इथे थोडक्यात. 1956 साली काँग्रेसच्या चौकशी समितीने मिलरना लेखक-सहकाऱ्यांची नावे विचारली. त्यांनी नकार दिला. 1957 मध्ये अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि 1958 मध्ये अपिलात सुटले. नाटक मात्र याच्या आधीचे आहे, हा क्रम उलटा लावू नये.

वाचकाला एवढीच विनंती, की टीकाग्रंथ उघडण्यापूर्वी चार जण जमवून तिसरा अंक मोठ्याने वाचा. एलिझाबेथ वाचणाऱ्याने त्या ‘नाही’पाशी घाई करू नये.