घंटा गेल्यावर राहिलेली उपासना

ठाण्याहून मानपाड्यावरून घोडबंदरास जाणारा रस्ता आज वाहनांनीं इतका गजबजलेला असतो कीं, त्या वाटेवर इतिहासाचा विचार करण्याची सवड क्वचितच कोणास मिळत असेल. परंतु येऊरचे डोंगर आणि खाडी यांमधील या पट्ट्याच्या दोन्ही टोकांस एका समाजाच्या कसोटीच्या काळाच्या खुणा आहेत. ठाण्यांत मासुंदा तळ्याच्या कांठीं सेंट जॉन द बॅप्टिस्टचें चर्च उभें असून तेथील उपासना अद्याप चालू आहे. उलट घोडबंदरास पोर्तुगीज अमदानींतील चर्चच्या वास्तूचा पुढें इंग्रजींत कलेक्टराचा बंगला झाला. एकाच साष्टी बेटावरील या दोन प्रार्थनामंदिरांचें दैव निराळें. पण दोहोंत जमणारा समाज एकच होता, आणि त्या समाजानें आपल्या पडत्या काळांत कशाचा आधार धरला, हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासकारांनीं फारसा हातीं घेतलेला नाहीं.

चिमाजी आप्पांची मोहीम आपण शाळेपासून अभिमानानें वाचतों, व तो अभिमान अस्थानीं नाहीं. मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें चर्च करणाऱ्या आणि गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशन चालविणाऱ्या सत्तेची या प्रांतांतून उचलबांगडी झाली, याबद्दल खेद मानण्याचें कारण दिसत नाहीं. १७३७ मध्यें ठाणें पडलें, १७३९ च्या मे महिन्यांत वसई. पोर्तुगीज शिबंदी आपल्या बायकामुलांसह गलबतांत बसून निघून गेली. परंतु ज्यांना गलबत नव्हतें त्यांचें काय? साष्टीचे कोळी, भंडारी, कुणबी यांच्यापैकीं जीं कुटुंबें दोनशें वर्षांच्या अवधींत ख्रिस्ती झालीं होतीं, त्यांची भाषा मराठी, शेत येथलें आणि होडीही येथलीच. तीं जाणार कोठें? त्यांच्या डोळ्यांदेखत गोरे धर्मगुरु गेले, मठ ओस पडले, आणि चर्चच्या मनोऱ्यांवरील घंटाही उतरल्या. वसई प्रांतांतील त्या घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीस त्या अजून टांगलेल्या आहेत. आम्हीं त्या कौतुकानें वाजवितों. ज्या गांवांतून त्या गेल्या तेथें पहांटे काय शांतता पसरली असेल, हें मात्र आमच्या सहसा मनांत येत नाहीं.

तहांत धर्माचरणाची मोकळीक मिळाली होती हें खरें, आणि मराठ्यांनीं ती बहुतांशीं पाळली, हें त्यांस भूषणावह आहे. तथापि मोकळीक असणें वेगळें आणि धीर असणें वेगळें. कालपर्यंत राजाचा जो धर्म होता तो आज जिंकलेल्यांचा धर्म झाला. त्याच्याशीं जोडलेले मानमरातब संपले. तो धरून राहण्यांत ऐहिक लाभ उरला नाहीं. कांहीं कुटुंबें हिंदु धर्मांत परतलीं. तो ओघ इंग्रजी अमदानींतही थांबला नव्हता, व ‘उराप आगरी’ हें नांव त्याची साक्ष देतें. मग जे राहिले ते कां राहिले?

माझ्या मतें याचें उत्तर राजकारणांत न शोधतां उपासनेच्या वार्षिक क्रमांत शोधलें पाहिजे. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त गोमंतकांत छापलें गेलें, हें सुशिक्षित वाचकांस ठाऊक असतें. परंतु उत्तर कोंकणासाठीं फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या पाद्र्यानें १६५९ मध्यें ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेलें पुराण पंडितांच्या चर्चेंत फार कमी येतें. त्यांत ‘ख्रिस्तपुराणा’ची प्रौढी नाहीं. भाषा येथल्या बोलीजवळची आणि लिपि रोमन. पण तें लोकांच्या इतकें मुखीं बसलें कीं, एकोणिसाव्या शतकांतही मुंबईंत तें पुन्हां छापावें लागलें. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत असें काव्य ऐकणाऱ्या माणसाला काय मिळत असेल? ज्याला मित्रांनीं सोडलें, ज्याचा राजदरबारीं न्याय झाला नाहीं, अशा एका निरपराध्याची कथा तो स्वतःच्या भाषेंत ऐकतो. शुक्रवारीं सर्व संपलें असें वाटतें, आणि रविवारीं तें संपलेलें नसतें. वसई पडली ती मे महिन्यांत, म्हणजे ईस्टर होऊन गेल्यावर. पुढल्या वर्षीं राखेचा बुधवार पुन्हां आलाच; तो कोणत्याही किल्लेदाराच्या हुकुमावर अवलंबून नव्हता. जो समाज आपलें दुःख दरवर्षीं एका मोठ्या दुःखाच्या शेजारीं ठेवून पाहतो, त्याला स्वतःच्या आपत्तीचें खरें माप कळूं लागतें.

हा केवळ माझा तर्क म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण वीस वर्षांनंतरचा एक तिऱ्हाईत साक्षीदार आहे. झेंद अवेस्ताच्या शोधार्थ हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच पंडित आंकेतील द्युपेराँ १७६० मध्यें साष्टींत हिंडला. १७७१ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तावरून दिसतें कीं, मराठी अमलांतही तेथें ख्रिस्ती धर्म उघडपणें चालू होता, धर्मगुरु देशी होते, आणि ठाण्यास त्यानें पाहिलेल्या सणाचा थाट गोव्यास शोभेल असा होता. ज्यांना हीन लेखून दुय्यम कामें देत, त्याच देशी पाद्र्यांनीं गोऱ्यांच्या मागें वेदी सांभाळली! मागें बांदऱ्याच्या टेकडीवरील मेरीमातेची मूर्ति धामधुमींत माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्यें नेऊन ठेविली होती. १७६१ त तिचें मंदिर पुन्हां उभें राहिलें व ती परत आली. साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली ती १७७४ च्या अखेरीस, तेव्हां हा जीर्णोद्धार पेशवाईच्या छायेखालीं झाला. आज सप्टेंबरांतील त्या जत्रेंत मेणबत्ती घेऊन चढणाऱ्यांत हिंदु कोळणीही असतात.

पुढचें संकट तलवारीचें नव्हतें. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. ज्यांना गांव सोडून जाणें शक्य होतें ते गेले. मागें राहिलेल्या ख्रिस्ती गांवठाणांतून वाटेच्या तोंडाशीं, विहिरीजवळ, घरांच्या कोपऱ्याशीं क्रूस उभारले गेले. संसर्गाच्या भयानें माणूस माणसाजवळ जाईना, अशा दिवसांत हे क्रूस प्रार्थनेसाठीं लोकांना एकत्र आणीत. उंदरांवर व पिसवांवर त्यांचा कांहीं परिणाम झाला असें कोणी म्हणणार नाहीं. ते उभारणाऱ्यांनींही औषध नाकारलें नव्हतें. मेलेल्यांची नांवें घेऊन रडण्यास आणि उरलेल्यांनीं उद्यांचा दिवस मागण्यास त्यांना एक जागा हवी होती. बांदऱ्यांत आणि मुंबईच्या जुन्या वाड्यांत त्यांतील कित्येक क्रूस आज उंच इमारतींच्या सावलींत सांपडले आहेत. मे महिन्यांत संध्याकाळीं शेजारीं त्यांच्यापुढें जमतात, जपमाळ म्हणतात, गीत गातात, आणि नंतर उकडलेले चणे वांटतात.