गोठ्यातला प्रश्न आणि साथीची चाहूल

पशुरोगाची साथ सरकारी नोंदीत येते, त्याआधी ती गोठ्यात आलेली असते. गाईने चारा सोडला, अंगावर गाठी उठल्या की पशुपालक शेजाऱ्याला विचारतो, दवाखान्याला कळवतो आणि आता मोबाईलवरही शोधतो. हे शोध कधी आणि कुठे वाढले, एवढेच कोणाचेही नाव न घेता एकत्र पाहिले, तर साथीची चाहूल लवकर लागेल का? या अभ्यासक्षेत्राचा हा मूळ प्रश्न. पशुवैद्यक, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र यांची येथे गाठ पडते.

नागपूर जिल्ह्यातल्या कन्हान नदीकाठच्या मौदा तालुक्यातून पाहिले की या प्रश्नाची निकड कळते. हा धानाचा पट्टा आहे. पावसाळ्यात बांध्यांत पाणी साचते, त्याच दिवसांत डास आणि माश्या वाढतात. जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारा लम्पी हा विषाणुजन्य त्वचारोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. १९२९ मध्ये झांबियात प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात त्याची लागण सुरू झाली आणि पाहता पाहता तो महाराष्ट्रभर पसरला. बैलबाजार बंद झाले, गोट पॉक्सची लस गावोगाव टोचावी लागली. विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. लस टोचल्यावरही संरक्षण मिळायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून चार दिवस आधी मिळालेल्या सूचनेनेही कितीतरी जनावरे वाचू शकतात.

या वाटेवरचा मोठा धडा मानवी आरोग्याने दिला आहे. गुगलने २००८ मध्ये शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा सुरू केली. आरंभी तिचे कौतुक झाले, पण २०१२-१३ च्या हंगामात तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद पडली. बातम्या वाढल्या की निरोगी माणसेही शोधतात. लम्पीचेही तसेच: दूरचित्रवाणीवर राजस्थानातल्या मेलेल्या गाई दिसल्या की विदर्भातले शोध वाढणारच. भीतीने केलेला शोध आणि आजारी जनावरापाशी बसून केलेला शोध वेगळे ओळखणे, हे आपले पहिले काम.

दुसरी अडचण आकाराची. शोधांचा कल दाखवणारी गुगल ट्रेंड्स ही सेवा ० ते १०० अशी सापेक्ष मोजणी देते आणि थोडके शोध शून्यच दाखवते. मौद्यासारख्या तालुक्याचा आवाज त्यात ऐकू येत नाही. शिवाय कोणी ‘लम्पी’ लिहितो, कोणी ‘लंपी’, कोणी रोमन लिपीत, तर कोणी रोगाचे नाव न घेता ‘गाईच्या अंगावर गाठी’ असे बोलून शोधतो. ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याची गाय या आकड्यांत नाहीच.

म्हणून शोधांचा आकडा एकट्याने उभा करू नये. बंगळूरूची निवेदी ही राष्ट्रीय संस्था हवामान आणि जुन्या साथींच्या आधारे दोन महिने आधी जिल्हानिहाय पूर्वसूचना देते. तिच्या जोडीला तालुक्याचा पाऊस, जनावरांची ने-आण, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावरील फोन आणि दवाखान्याची नोंदवही हवी. शोध वाढल्याचे दिसताच पशुवैद्यकाने गोठ्यात जाऊन तपासावे, नमुना प्रयोगशाळेत जावा. त्यानंतरच साथीचे नाव घ्यावे. खोट्या हाकाटीने बाजार बंद पडला तर नुकसान छोट्या पशुपालकाचेच होते.

नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तालुक्यात दवाखाने आहेत, घरोघरी संगणक शिकलेली मुले आहेत. त्यांनी सुरुवात पशुपालकांच्या बोलण्यापासून करावी: कोणत्या लक्षणाला ते काय म्हणतात, कोणत्या दिवशी काय शोधतात, हे आठवड्यागणिक नोंदवून दवाखान्याच्या नोंदींशी ताडून पाहावे. दोन-तीन पावसाळे असे नेटाने काम झाले, तर कोणत्या शोधावर किती विसंबायचे, हे मौद्याच्या पशुवैद्यकाला स्वतःच्या तालुक्याच्या आकड्यांवरून ठरवता येईल.