घाटातली रेल्वे, पंजाबचं तूप आणि कोलेस्टेरॉलचा हिशोब

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला मावळातल्या चार-पाच ग्रुपवर आला. 'कोरियातल्या सव्वा कोटी लोकांवर अभ्यास झाला, कोलेस्टेरॉल कमी असलेले लवकर मरतात, गोळ्या बंद करा.' कामशेतकडचे ओळखीचे एक गृहस्थ आहेत, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. ते हे वाचून महिनाभर गोळी बंद करून बसले होते, घरच्यांनाही पत्ता नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा. कारण फॉरवर्डमधला आकडा खोटा नाही, आणि तिथेच घोळ आहे.

सुरुवात आपल्या घाटापासून करतो. भोर घाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. काम 1856 ला सुरू झालं होतं आणि त्यात हजारो मजूर मेले. अपघाताने मेले तसे पटकीने, तापानेही मेले. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तडीस नेलं. (तिच्यावर एक वेगळी पोस्ट लिहायची आहे.) त्या काळी इथल्या माणसाला हृदयविकाराची भीती नव्हती. तिथवर पोचायच्या आधीच पटकी, प्लेग, क्षय यातलं काहीतरी गाठायचं.

पुढे शंभर वर्षांत चित्र पालटलं, आणि ते कागदावर आणलं पुन्हा रेल्वेनेच. रेल्वेचे स्वतःचे दवाखाने, स्वतःचे डॉक्टर, कर्मचारी मेला की त्याची नोंद. लोणावळ्यात रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको. एकाच खात्यात पंजाबी, मद्रासी, बंगाली, मराठी अशी सगळीकडची माणसं. पगार सारखे, कामाच्या श्रेणी सारख्या. पश्चिम रेल्वेचे मुंबईतले मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी 1958 ते 1962 या काळातले देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले. कर्मचारी किती? साडेअकरा लाख, वय 18 ते 55. संगणक नाही, काही नाही.

1967 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला गोंधळात टाकतो. दक्षिणेकडच्या रेल्वेवाल्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण पंजाबकडच्यांच्या सुमारे सातपट होतं. लाखामागे दक्षिणेत 135 आणि पंजाबात 20. दक्षिणेत अशा मृत्यूचं सरासरी वय 44, उत्तरेत 52. आणि खाण्यात स्निग्ध पदार्थ जास्त कुणाच्या? पंजाब्यांच्या! आठ ते एकोणीसपट जास्त, तेही बहुतेक दूध-तुपातून. बिडी-सिगारेटही तेच जास्त ओढत होते.

तेव्हा जगभर उलटी हवा होती. 1913 साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या दाखवल्या होत्या. 1948 पासून अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांची वर्षानुवर्षं तपासणी चालू होती आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयविकार वाढतो हे तिथे दिसत होतं. मग तूप खाणारा पंजाबी कमी का मरतो? मल्होत्रांनी स्वतः उत्तर शोधलं ते दूध-तुपातल्या स्निग्धांच्या प्रकारात आणि जेवण नीट चावून खाण्याच्या सवयीत. ते उत्तर फारसं टिकलं नाही. प्रांताप्रांतांत इतक्या गोष्टी वेगळ्या असतात की तुलनेतून कारण काढणं अवघड. शिवाय पंचावन्नच्या पुढची माणसं त्या मोजणीतच नव्हती. पण त्यांचा प्रश्न टिकला. ताटातली चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा.

आता कोरियाकडे येऊ. 2019 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास खरा आहे. 1 कोटी 28 लाख प्रौढ माणसं. सगळ्यात कमी मृत्यू एकूण कोलेस्टेरॉल 210 ते 249 असलेल्यांत दिसले. तरुणांमध्ये हा आकडा आणखी खाली होता, ते फॉरवर्डमध्ये नाही. डेन्मार्कमधल्या लाखभर लोकांच्या 2020 च्या अभ्यासातही असंच दिसलं. 'वाईट' म्हणतात त्या एलडीएलचा आकडा 140 च्या आसपास असलेल्यांत मृत्यू सगळ्यात कमी, त्याच्या दोन्ही बाजूंना जास्त. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा.

म्हणजे कोलेस्टेरॉल कमी झाल्याने माणूस मरतो का? इथे थांबून विचार करा. क्षय, कॅन्सर, यकृताचा आजार, दीर्घ कुपोषण यात रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली येतं. कधी रोग लक्षात यायच्या कितीतरी आधी. मरण जवळ येतंय म्हणून आकडा पडलेला असतो आणि कागदावर दिसतं की आकडा पडला म्हणून मरण आलं. मुंबईतच याचा चुलतभाऊ सापडतो. 1991 ते 1997 मध्ये मुंबईतल्या सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून पुढे त्यांच्या मृत्यूंचा माग ठेवला गेला. त्यात फार बारीक, हाडं दिसणाऱ्या माणसांत मृत्यू सर्वांत जास्त निघाले, आणि त्यामागे क्षयाचा मोठा हात. म्हणून बारीक माणसाला पेढे चारून क्षय जाईल का?

बरं, ही शंका केवळ फॉरवर्डवाल्यांची नाही. डॉक्टरांनाही ती होती, आणि सकारण होती. 1978 साली क्लोफायब्रेट नावाच्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. कोलेस्टेरॉल उतरलं, झटके थोडे कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू वाढले! त्यामुळे पुढची कित्येक वर्षं भले भले हात राखून होते.

यातून वाट निघाली ती तांदळाच्या बुरशीतून. आपल्या इंद्रायणीच्या मुलखात ही गोष्ट माहीत असायला हवी. जपानचे अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशी तपासल्या आणि 1973 मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या एका बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल तयार होणं रोखणारा पदार्थ सापडला. स्टॅटिन गोळ्यांचा हा मूळपुरुष. आज 10 किंवा 20 ची जी गोळी रात्री घेता, ती याच घराण्यातली.

आणि मग 1994. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड इथले 4,444 रुग्ण, सगळे आधी हृदयविकार झालेले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं. साडेपाच वर्षांच्या आसपास गोळीवाल्यांत 182 मृत्यू, बिनगोळीवाल्यांत 256. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार सोडून इतर कारणांनी मेले ते 46 आणि 49, म्हणजे जवळपास सारखेच. कोलेस्टेरॉल उतरवल्याने माणसं मरत असती तर ती इथे दिसायला हवी होती. कोरियाच्या अभ्यासात आकडा आपोआप कमी असलेली माणसं मोजली, इथे मुद्दाम कमी केलेली. फॉरवर्ड करणाऱ्याने हा फरक गिळून टाकलाय.

हे कोणासाठी लागू? ज्यांना झटका आलाय, स्टेंट आहे, बायपास आहे, त्यांच्यासाठी हा पुरावा भक्कम. धडधाकट माणसाचा एकूण आकडा 215 आला तर लगेच गोळी सुरू करायची का, हा वेगळा प्रश्न. वय, साखर, बीपी, तंबाखू हे सगळं बघून डॉक्टर ते ठरवतात. पंच्याहत्तरीच्या पुढे तर तज्ज्ञांतही मतभेद आहेत.

शिवाय आपल्याकडची भानगड निराळीच आहे. देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रही होता, 2014 मध्ये ती छापून आली. त्यात एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले फक्त 13.9 टक्के. पण 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल कमी असलेले 72.3 टक्के आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले 29.5 टक्के! याचा संबंध तुपापेक्षा भात, मैदा, साखर आणि बसून राहण्याशी जास्त. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक तर स्वतःचंच उदाहरण देतात. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांच्या 21.2. अंगाने सडपातळ, आत चरबी. पवन मावळात, अंदर मावळात 'मला काय होतंय, मी बारीक आहे' म्हणणारे किती जण भेटतात बघा. पूर्वी त्यांचे आजोबा दिवसभर भातखाचरात असायचे, आता नातू एमआयडीसीत खुर्चीवर आणि ताटातला भात मात्र तेवढाच.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की नुसता पहिला 'टोटल'चा आकडा बघून खूश किंवा घाबरे होऊ नका. खालच्या ओळी वाचा. आणि काहीही न बदलता वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरायला लागलं, तर आनंदाने पार्टी करू नका, तपासून घ्या.

कामशेतच्या गृहस्थांनी गोळी पुन्हा सुरू केलीय, डॉक्टरांना भेटून. रिपोर्टचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवू नका मंडळी, मी डिप्लोमा पत्रकारितेचा केलाय. फॉरवर्ड मात्र जरूर पाठवा, कुठून निघाला ते शोधतोय.