आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मंडळी, आज थोडा इतिहास. विषय तसा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. आमच्या आत्यासारख्या संगणकापासून चार हात लांब राहणाऱ्या वाचकांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कधी ना कधी "पाइपमधून वाचता आलं नाही" किंवा "पाइप तुटला" अशा अर्थाचा निरोप पडद्यावर भेटतोच. मग ज्या प्रोग्रॅमने तो निरोप दिला त्याच्या मानगुटीवर सगळे बसतात. आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो. असं का होतं, याचं उत्तर पन्नास वर्षांमागे सापडतं.

आधी पाइप म्हणजे काय ते. एका प्रोग्रॅमच्या तोंडातून निघालेला मजकूर थेट दुसऱ्याच्या कानात घालणारी नळी, म्हणजे पाइप. एक जण नावांची यादी काढतो, दुसरा ती अकारविल्हे लावतो, तिसरा दुबार नावं गाळतो. मधे कुठे फाइल साठवायला नको.

ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ११ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी एक टिपण लिहिलं. बागेला पाणी घालायच्या नळीला हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. युनिक्स तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. ते आलं १९६९ मध्ये, आणि मॅकिलरॉय यांनी हा विषय काही सोडला नाही. शेवटी केन थॉम्प्सन यांनी एका रात्रीत बसून पाइप बनवला. फेब्रुवारी १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये तो दिसतो. सुरुवातीला त्यासाठी > हीच खूण वापरत, | ही उभी रेघ थोडी नंतर आली.

पाइप आला आणि पहिली अडचण उभी राहिली. प्रोग्रॅम आपल्या तक्रारी, म्हणजे "अमुक फाइल सापडली नाही" वगैरे, नेहमीच्या वाटेनेच बाहेर टाकत. ती वाट आता पुढच्याच्या कानात जात होती. म्हणजे तक्रार माणसाला दिसायची नाही, पुढचा प्रोग्रॅम तिलाच मजकूर समजून कामाला लागायचा. म्हणून तक्रारींसाठी वेगळी वाट काढली, तिला म्हणतात 'स्टँडर्ड एरर'. आज प्रत्येक प्रोग्रॅमला ती जन्मतःच मिळते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

समजा, सकाळी नळाला पाणी आलं नाही. टाकी रिकामी झाली, का वाटेत पाइप फुटला, का चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला? नळाकडे कितीही टक लावून बघा, कळणार नाही. पाइपमधून वाचणाऱ्या प्रोग्रॅमची स्थिती अगदी हीच. लिहिणारा आपलं काम नीट संपवून गेला, की वाचणाऱ्याला पुढच्या वाचनात शून्य बाइट मिळतात. शून्य म्हणजे 'मजकूर संपला'. पण लिहिणारा अर्ध्यावर कोसळला तरी वाचणाऱ्याला मिळतं तेच शून्य! 'संपलं' आणि 'मेलं' या दोन गोष्टींसाठी एकच खूण.

उलट दिशेला मात्र असं नाही. वाचणारा उठून गेला आणि लिहिणारा लिहीतच राहिला, तर युनिक्स त्याला १३ क्रमांकाचा सिग्नल देतं, सिगपाइप. त्याने लिहिणारा तिथल्या तिथे मरतो. कारण साधं होतं: आपलं लिहिणं पोचलं की नाही, हे बरेच प्रोग्रॅम तपासतच नसत, आणि ऐकायला कोणी नसताना ते बडबडत बसले असते. ज्याने हा सिग्नल अडवला त्याला 'ब्रोकन पाइप' ही तक्रार मिळते. म्हणजे मागच्याला पुढच्याचं गेलेलं कळतं, पुढच्याला मागच्याचं कळत नाही.

गंमत अशी की विंडोजने हीच घटना वेगळ्या नावाने नोंदवली. तिथे लिहिणाऱ्याने आपलं टोक बंद केलं, की वाचणाऱ्याला शून्याऐवजी १०९ क्रमांकाची त्रुटी मिळते. काम सुरळीत संपलं तरीही! त्यामुळे युनिक्सवरून तिकडे गेलेला माणस नसलेला बिघाड शोधत बसतो.

आता यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांच्या ऑफिसातली हकिकत सांगतो. तिथे रोज रात्री हिशेबांचा बॅकअप निघायचा. एक प्रोग्रॅम डेटाबेसमधून सगळा मजकूर ओतायचा, पाइपच्या पलीकडे जीझिप तो दाबून फाइल बनवायचा. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. ओतणारा पहिल्याच पायरीवर मरू लागला. जीझिपला मिळालं शून्य. त्याने मुकाट्याने रिकाम्या मजकुराची सुबक फाइल बांधली, २० बाइटांची, आणि 'काम झालं' म्हणून कळवलं. तक्रार त्या वेगळ्या वाटेने रोज बाहेर पडत होती, पण ती ज्या मेलपेटीत जायची ती कोणी उघडत नव्हतं. पाच महिन्यांनी डिस्क गेली. सगळे आधी जीझिपला शिव्या देत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी दोन बायकांनी महिनाभर बसून कागदी बिलांवरून हिशेब पुन्हा भरले.

तर तपास कुठून करायचा? वाचणाऱ्यापासून नाही, लिहिणाऱ्यापासून. साखळी सोडवून प्रत्येक कडी एकेकटी चालवून बघायची. वाचताना कमी मजकूर आला तर लगेच घाबरायचं नाही. पाइपमध्ये त्या क्षणी जेवढं असेल तेवढंच मिळतं. आणि पाइपचं पोटही मर्यादित असतं: जुन्या युनिक्सात ४,०९६ बाइट, लिनक्समध्ये २००५ पासून साधारणपणे ६५,५३६. ते भरलं की लिहिणारा थांबून राहतो. वाचणारा अनंतकाळ अडकून पडला असेल, तर लिहिण्याचं टोक तिसऱ्याच कोणाच्या हातात उघडं राहिलंय का ते पाहायचं. कारण शेवटचं टोक बंद होईपर्यंत शून्य येतच नाही.

मग खरं कोणाला माहीत असतं? साखळी जोडणाऱ्या शेलला. कोण कसा मेला, हे त्याला कळतं. पण तो आपल्याला सांगायचा फक्त शेवटच्या कडीचा निकाल. 'साखळीत कोणीही पडलं तर नापास म्हण' असं बजावायची सोय बॅश या शेलमध्ये २००४ साली आली, तिचं नाव पाइपफेल. पॉसिक्स या प्रमाणात ती शिरली २०२४ मध्ये. १९७३ पासून मोजा, ५१ वर्षं झाली! आणि अजूनही ती सोय आपण होऊन मागावी लागते.

मॅकिलरॉय आणि थॉम्प्सन यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. शेजारचा कोण, कुठला, हे कोणत्याही प्रोग्रॅमला माहीत असायची गरज नाही, यातच पाइपची सगळी ताकद आहे. म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्याला जोडता येतो. पण ज्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, त्याला शेजारी गेल्याचंही कळत नाही. सोय आणि धोका एकाच नळीतून आले.

असो. तुमच्याकडे रोज रात्री बॅकअप निघत असेल, तर 'यशस्वी' हा शब्द वाचून झोपू नका. फाइल केवढी आहे ते बघा, आणि ती महिन्यातून एकदा तरी उघडून बघा.