इटालियन चित्रकथा : पद्यातून संवादाकडे

इटालियन भाषेत चित्रकथेस ‘फुमेत्तो’ ही संज्ञा आहे. ‘फुमो’ म्हणजे धूर. त्याचेच हे लघुत्ववाचक रूप होय. पात्राच्या मुखातून निघालेले शब्द ज्या फुग्यात लिहितात, तो धुराच्या लहानशा लोटासारखा दिसतो, म्हणून हे नाव. परंतु ज्या अवयवावरून या प्रकारास नाव मिळाले, तोच इटलीत आरंभी त्याज्य मानला गेला होता.

२७ डिसेंबर १९०८ रोजी मिलान येथे ‘कोर्रिएरे देई पिक्कोली’ हे मुलांचे साप्ताहिक निघाले. अमेरिकन चित्रमालिका त्यात येत. तथापि त्यांतील फुगे काढून टाकून चित्रांखाली आठ अक्षरांच्या सयमक पंक्ती घालीत. साहजिकच बोलण्याचा अधिकार पात्राकडून निवेदकाकडे जाई. १८६१ मध्ये, एकीकरणाच्या वेळी, इटालियन बोलणारे लोक जेमतेम २.५ टक्के होते, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये मांडला. बोलींच्या अशा देशात मुलांपुढे संस्कारित पद्यभाषा ठेवण्याचा आग्रह या पार्श्वभूमीवर समजू शकतो.

हे बंधन सर्वस्वी वंध्य ठरले नाही. आत्तिलिओ मुस्सिनो यांच्या ‘बिल्बोल्बुल’ या मालिकेत वाक्प्रचारांचे वाच्यार्थ चित्रात साकार होतात; लाजेने लाल होणे म्हणजे तेथे खरोखरच लाल होणे. नायक आफ्रिकन बालक असल्याने वसाहतवादी दृष्टीही तीत उघड दिसते. १९१७ मध्ये सेर्जिओ तोफानो यांचा ‘बोनाव्हेंतुरा’ याच पद्यपरंपरेत अवतरला.

१९३४ मध्ये फ्लॉरेन्सच्या ‘लाव्हेंतुरोझो’ने अमेरिकन साहसकथा फुग्यांसह छापल्या आणि पात्रे स्वमुखाने बोलू लागली. १९३८ मध्ये फासिस्ट राजवटीने परकीय चित्रकथांवर बंदी घातली. प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हता. मुलांनी कोणाचे शब्द ऐकावेत, हे शासन ठरवू पाहत होते.

युद्धोत्तर काळात जानलुइजी बोनेल्ली व आउरेलिओ गालेप्पीनी यांचा ‘टेक्स’ (१९४८) लोकप्रिय झाला. १९६४ मध्ये उंबेर्तो एको यांनी चित्रकथेची चिकित्सा गंभीर विवेचनाचा विषय केली. १९६५ मध्ये ‘लिनुस’ मासिक निघाले, तर १९६७ मध्ये ह्यूगो प्राट यांचा कोर्तो माल्तेझे प्रथम अवतरला. मुलांसाठी वर्ज्य ठरलेला फुगा आता प्रौढ वाचकांच्या वाङ्मयाचा वाहक झाला.

सारांश, इटालियन चित्रकथेचा इतिहास हा काही अंशी बोलण्याच्या अधिकाराचा इतिहास आहे. लिखित प्रमाणभाषा आणि बोलले जाणारे शब्द यांतील संबंध अभ्यासणाऱ्यास हे साधन उपेक्षिता येणार नाही.